एक वायर, नऊ घरं

आमच्या मुंब्र्याच्या इमारतीत पाण्याची टाकी सगळ्यांची एक, जिन्यातला दिवा एक, आणि 2020 पासून इंटरनेटही एकच. शाळा मोबाइलवर भरू लागल्या तेव्हा प्रत्येक घराला वेगळं कनेक्शन परवडणारं नव्हतं. नऊ घरांनी वर्गणी काढली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड चाचांच्या नावावर फायबर घेतलं. जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत एक राउटर, त्याला जोडलेला सोळा पोर्टचा स्विच आणि तिथून प्रत्येक घरात एकेक लॅन केबल.

या पेटीची किल्ली माझ्याकडे असते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटरशी माझी ओळख इनपेजमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करण्यापासूनची. पण केबलवाला मुलगा येतो भर दुपारी. पुरुष कामावर, घरात एकट्या बायका. त्याला आत घेण्यापेक्षा त्यांना वरून हाक मारणं सोपं वाटतं, "टीचर, नेट गया, जरा देखना." बघता बघता मी शिकले.

सगळ्यात आधी शिकले ते राउटरच्या पाठीमागची भोकं ओळखायला. चार सारखी असतात, ती लॅनची. एक वेगळं, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचं, ते वॅनचं. बाहेरून येणारी केबल वॅनमध्ये जायला हवी, एवढंच. पण या 'एवढंच'मुळे गेल्या वर्षी अख्खी इमारत दीड दिवस ठप्प होती. सगळ्यांच्या मोबाइलवर वाय-फायच्या रेघा पूर्ण, आणि पान मात्र एकही उघडेना. केबलवाला म्हणाला, कंपनीची लाइन चालू आहे, दोष तुमच्याकडे.

झालं असं होतं. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो आणि तो वाटायचं काम एकाच राउटरने करायचं असतं. चौथ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, त्यांनी आपला राउटर लावला आणि केबल घातली लॅनच्या भोकात. मग तो राउटरही स्वतःला मालक समजून इमारतभर पत्ते वाटू लागला. एका वर्गात दोन मास्तर हजेरीपट घेऊन उभे राहिले आणि दोघेही रोल नंबर देऊ लागले तर जे होईल, तेच. आमचे पत्ते 192.168.1 ने सुरू होतात. माझ्या कॉम्प्युटरवर 192.168.0 दिसला तेव्हा मला शंका आली. मग पेटी उघडून एकेक केबल काढायची, वर जाऊन बघायचं, परत लावायची. गुडघे दुखायला लागले तेव्हा कुठे चौथ्या मजल्याची केबल सापडली. ती काढली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि नेट आलं. त्या भाडेकरू भाभी बिचाऱ्या ओशाळल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, तर त्यांना तरी कसं कळणार?

खैर, हा बिघाड दिसणारा होता. दुसरा न दिसणारा होता, आणि मला तो जास्त लागला.

काही घरांत राउटर नव्हताच. भिंतीतून आलेली केबल थेट कॉम्प्युटरमध्ये. अशी दोन घरं एकाच स्विचवर असली की ती जणू एकाच खोलीत बसलेली असतात. मध्ये भिंत नाही. विंडोजमध्ये ठरवता येतं, हे नेटवर्क खासगी की सार्वजनिक. घरच आहे म्हणून माणूस 'खासगी' म्हणतो, आणि शेअर केलेले फोल्डर शेजाऱ्याला दिसू शकतात. पाचव्या मजल्यावरच्या एका आपांच्या कॉम्प्युटरवरचं घरच्या लग्नाच्या फोटोंचं फोल्डर असंच उघडं होतं. पासवर्ड नाही, काही नाही. ज्या घरात दारावर पडदा असतो आणि पाहुणा आधी आवाज देतो, त्या घराचा हा दरवाजा सताड उघडा होता आणि घरच्यांना पत्ताही नव्हता. शेजाऱ्यांपैकी कुणी पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण पाहता येत होतं.

त्याला इलाज साधा आहे. प्रत्येक घराचा आपला राउटर, केबल वॅनमध्ये, आणि घरातली सगळी यंत्रं त्या राउटरच्या आड. मग घरातून इमारतीच्या जाळ्यात जाता येतं, जाळ्यातून घरात येता येत नाही. घरचे पत्ते इमारतीच्या पत्त्यांपेक्षा वेगळे ठेवायचे; मी बहुतेकांना 192.168.50 करून दिले. ज्यांच्याकडे राउटर नाही त्यांनी नेटवर्क 'सार्वजनिक' ठेवायचं, शेजारी सख्खा भाऊ असला तरी.

तिसरी गोष्ट चाचांनीच काढली. त्यांना 2008 आठवत होतं. त्या वर्षी 26 जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना गेलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरापर्यंत पोचला. त्याचं वाय-फाय उघडं होतं, ते दुसऱ्यांनीच वापरलं होतं. पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले, चौकशी त्याचीच झाली. चाचा म्हणाले, "वो तो अमेरिकन था, टीचर."

पुढे ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. आमच्या मोहल्ल्यात हे वाक्य पुरं करावं लागत नाही.

नऊ घरांतून काहीही बाहेर गेलं तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो आणि त्या पत्त्यावर नाव चाचांचं. कुणाच्या पोराने गमतीत काही फॉरवर्ड केलं, एखाद्या पाहुण्याने पासवर्ड घेतला, तर उत्तर देणार बहात्तर वर्षांचा माणूस. शिवाय घरगुती कनेक्शन इतर घरांत वाटायला कंपनीच्या अटींत सहसा परवानगी नसतेच.

म्हणून या मार्चपासून आम्ही पद्धत बदलली. केबल त्याच, स्विच तोच. पण केबलवाल्याकडून प्रत्येक घराने स्वतःचा आयडी आणि पासवर्ड घेतला. तो घरच्या राउटरमध्ये भरायचा, तंत्राच्या भाषेत पीपीपीओई. कंपनीकडे नोंद ज्याच्या त्याच्या नावावर. एकाने केबल चुकीच्या भोकात घातली तरी आता इतरांचं नेट सहसा बंद पडत नाही. खर्च वाढला, कुरकुर झाली. पण चाचांकडे बघून सगळ्यांनी मान्य केलं.

आठ घरं झाली. नववं तळमजल्याचं. तिथल्या बाई पिको-फॉल करतात, मुलगी अकरावी सायन्सला. आधारवर पत्ता अजून गावचा आणि घरमालक भाडेकरार नोंदवून देत नाही, म्हणून आयडी मिळत नाही. चाचांचं जुनं कनेक्शन बंद झाल्यापासून मुलगी रोज चार ते सहा माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसते. मी वह्या तपासते, ती फिजिक्सचे व्हिडिओ बघते. घरमालकाकडे रविवारी चाचा आणि मी जाणार आहोत. नोंदणीचा अर्धा खर्च द्यायची त्या बाईंची तयारी आहे. तो पुरा मागेल, असा चाचांचा अंदाज आहे.