लाल कशाचा?

आमच्या दुकानात कच्छहून अजरखचे तागे येतात. ग्राहकाला हवे तेवढे फाडून दिल्यावर शेवटी कधी वीतभर, कधी हातभर कापड उरते. असे तुकडे पूर्वी चिंध्यांच्या गठ्ठ्यात जात आणि किलोच्या भावाने विकले जात. आता त्या गठ्ठ्यावर माझ्या सासूबाईंचा हक्क आहे. त्या तुकड्यांच्या त्या वाकळी शिवतात. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात, तीच आमच्या सांगली-कोल्हापूरकडची वाकळ.

धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे, कडा आत दुमडून टाचायच्या आणि चारही बाजूंनी धावदोरा घालीत मध्याकडे सरकायचे. मध्य गाठेपर्यंत दोन-तीन महिन्यांच्या दुपारी खर्ची पडतात. काळे तुकडे त्या कधीच काठाला लावीत नाहीत. अजरखचा काळा रंग गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून करतात. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर तो उठतो. पण लोखंडाने सूत हळूहळू कमकुवत होते आणि जुन्या कापडात नक्षीचा काळा भाग आधी विरतो. सासूबाईंनी हे कुठे वाचलेले नाही, बोटांनी ओळखले आहे. (लोखंडाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते : २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढले. रंगाला ते पाणी मानवेना, म्हणून तिथल्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवले.)

निळ्याबद्दल त्यांना शंका नव्हती. नीळ वनस्पतीची, हौदातून कापड हिरवट निघते आणि वारा लागताच निळे होते, हे त्यांना ठाऊक होते. अडले ते लालपाशी. एके दिवशी त्यांनी ह्यांना विचारले, "अरे, हा लाल कशाचा?"

"नैसर्गिक आहे, आई. चिठ्ठीवर लिहिलेच आहे."

"लाखही नैसर्गिकच असते."

हे गप्प झाले. लाखेचा लाल रंग किड्यांपासून मिळतो, आणि झाडावरची लाख खरवडताना असंख्य जीव जातात. आपल्या घरांत रेशमाविषयी हा प्रश्न निघतो. रंगाविषयी सहसा निघत नाही. 'नैसर्गिक' हा शब्द दिसला की आपण निश्चिंत होतो.

ह्यांनी कारागिराला फोन केला. उत्तर सरळ मिळाले. लाख त्यांच्याकडे वापरतच नाहीत. काही ताग्यांचा लाल मंजिष्ठेच्या मुळांचा आहे, पण बहुतेकांचा अलिझरिनचा. मंजिष्ठेच्या कुळातील मॅडरच्या मुळांत असणारे हे द्रव्य ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्येच प्रयोगशाळेत बनवले होते. म्हणजे बहुतेक ताग्यांत हिंसा नव्हती, पण चिठ्ठीही खरी नव्हती.

मग घरात वाद झाला. धाकट्या दिरांचे म्हणणे, "बाजारात सगळेच असे लिहितात, आणि गिऱ्हाईक विचारते कुठे?" व्यवहार म्हणून ते चूक नव्हते, त्या एका शब्दावर मीटरमागे भाव चढतो. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मी विचारले ना!" त्या आठवड्यात चिठ्ठ्या बदलल्या : 'नीळ वनस्पतीची, लाल अलिझरिनचा.' मंजिष्ठेच्या ताग्यांवर वेगळी चिठ्ठी आणि वेगळा भाव. पहिल्या दिवाळीला अजरखची विक्री उतरली, हे मान्य करायला हवे. काही जुनी गिऱ्हाइके चिठ्ठी वाचून तागा खाली ठेवीत. काही जणी मात्र आता आत येऊन आधी रंगाचेच विचारतात, आणि मग ह्यांना हिरड्यापासून सारे सांगत बसावे लागते. विक्री अजून पूर्वीइतकी भरून आलेली नाही.

चिंध्यांचे गठ्ठे आता दोन झाले आहेत. सध्याची वाकळ नातीच्या बाळासाठी आहे आणि तिच्यात फक्त मंजिष्ठेचा लाल घालायचा, असे सासूबाईंनी ठरवले आहे. तो विटकरीकडे झुकणारा लाल फार थोडा उरतो; त्याचे तागे मुळात कमीच येतात. मध्यातले सात तुकडे रिकामे आहेत. दुकानात कात्री चालल्याचा आवाज आला की त्या आतून विचारतात, "कुठला फाडलास रे?"