समुद्र उशाला, पाणी गोराईला

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण ज्याने काढली तो माहीमला राहत नसावा. राहत असता, तर धरणाऐवजी त्याने समुद्रच घातला असता. माहीमकराच्या खिडकीतून खारा वारा येतो, भरतीच्या रात्री गाज ऐकू येते, लोखंडी गजांना बारा महिने गंज चढतो. आणि मे महिना उजाडून पोरांनी पाण्यात डुंबायचा हट्ट धरला, की हाच माहीमकर पिशवीत टॉवेल भरून, तिकिटाचे पैसे खिशात घालून, दुसऱ्या खाडीच्या पलीकडे पाणी शोधायला निघतो! परगावच्या पाहुण्याला हे ऐकून हसू येते. आपल्याला मात्र ते अंगवळणी पडले आहे.

माहीमचे आणि पाण्याचे नाते आजचे नव्हे. मुंबई सात बेटांची होती, तेव्हा माहीम हे त्यांतले एक मानाचे बेट. बिंब राजाने इथे राजधानी केल्याच्या कथा जुन्या बखरीत आहेत. पुढे पोर्तुगीज आले, इंग्रज आले, खाडीच्या तोंडाशी किल्ला उभा राहिला. पलीकडचे वांद्रे हाकेच्या अंतरावर. पण मध्ये खाडी. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे जात. पूल बांधायला कंपनी सरकार पैसे देईना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे वाहतुकीला खुला झाला. बाईंची अट एकच होती : ह्या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. आपण रोज ज्या रस्त्याला ‘एल. जे. रोड’ म्हणतो, तो ह्याच लेडी जमशेटजींचा. पाणी ओलांडायला कोणाला पैसा पडू नये म्हणून त्या बाईंनी दीड लाख मोजले, आणि त्यांच्याच रस्त्यावर राहणारे आम्ही, पाण्यात शिरण्यासाठी माणशी पैसे मोजतो!

कारण उघड आहे. माहीमचा किनारा फिरायला चांगला, वांद्रे-वरळी सागरी सेतूमागे बुडणारा सूर्य पाहायला तर फारच चांगला. पण मुलांना पाण्यात उतरवायला नव्हे. मिठी नदी इथेच समुद्राला मिळते आणि वाटेतल्या वस्त्यांचे, कारखान्यांचे सांडपाणी बरोबर घेऊन येते. गंमत अशी, की ही नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून उगम पावते. त्यांतल्याच विहारचे पाणी 1860 मध्ये नळाने मुंबईला आले आणि शहराची तहान प्रथम भागली. म्हणजे एकाच आईची दोन लेकरे! एक नळातून आले, त्याला आपण गाळून, उकळून प्यालो. दुसरे नदीतून आले, त्याचे आपण गटार केले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या दुसऱ्या लेकराने आपले असणे साऱ्या शहराला दाखवून दिले. 2017 पासून रहिवाशांनी आठवड्याच्या आठवड्याला किनारा झाडून काढायला सुरुवात केली आणि वाळू पुन्हा वाळूसारखी दिसू लागली. पण वाळू झाडता येते, पाणी झाडता येत नाही.

तर, 2019 च्या मे महिन्यातली ही हकिकत. सुट्टीसाठी आमच्या घरी माझा भाचा आला होता. बहीण दिली आहे दहिवडीला, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. सह्याद्रीने पाऊस अडवून धरावा आणि पलीकडे कोरडे ढग पाठवावेत, असा तो पर्जन्यछायेचा मुलूख. त्या साली तर दुष्काळ जाहीर झालेला. म्हसवडला चाऱ्याच्या छावणीत जनावरे, गावोगाव टँकर. पोरगा दहा वर्षांचा, अंगाने काटक, बोलायला कमी. पहिल्याच सकाळी आमच्या चिरंजिवांनी नळ सोडून दात घासायला घेतले, तर ह्याने मागून येऊन मुकाट्याने नळ बंद केला. चिरंजिवांनी पुन्हा सोडला, ह्याने पुन्हा बंद केला. दोघांची जुंपली.

अशा मुलाला घेऊन सहल कुठे काढायची, हा प्रश्न त्या रात्री जेवणानंतर निघाला. आमच्या घरातल्या बैठका म्हणजे नगरपालिकेच्या सभाच. थोरली नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली. तिला खोपोलीजवळचे इमॅजिका हवे होते, कारण तिच्या मैत्रिणी तिथे जाऊन आल्या होत्या. चिरंजीव म्हणाले, ‘‘जिथे लाटा असतील तिथे.’’ आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे व्यवहारी : ‘‘अहो, कपडे बदलायला धड जागा हवी आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी परत यायला हवं.’’ ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरची दोन-तीन नावे निघाली, विरारकडची निघाली. शिवाजी पार्कचा महापालिकेचा जलतरण तलाव घराजवळ खरा, पण तो पोहणाऱ्यांचा. पाण्यात नुसते खेळायला येणाऱ्यांचा नव्हे.

आई इतका वेळ वाती वळत होती. ती म्हणाली, ‘‘अरे, त्या पोरानं अजून समुद्रात होडी पाहिली नाही. होडीतून जाता येईल असं काही नाही का?’’

झाले! आईच्या एका वाक्याने निकाल लागला. होडीतून जाता येईल, समुद्र जवळ असेल आणि लाटा सुरक्षित असतील, असे ठिकाण एकच : गोराईचे ‘वॉटर किंगडम’. शेजारचे ‘एस्सेल वर्ल्ड’ 1989 चे, हे 1998 चे. एस्सेल वर्ल्डची दूरदर्शनवरची जाहिरात पाहत आमच्या पिढीतली कितीतरी मुले मोठी झाली.

आम्ही कामाचा वार मुद्दाम निवडला. रविवारी अशा ठिकाणी पाणी कमी आणि माणसे जास्त असतात. माहीमहून सकाळची धीमी लोकल धरली. बोरिवली अकरावे स्थानक. तिथून रिक्षाने गोराई खाडीचा धक्का आणि धक्क्यावरून होडी. दोन्ही तीरांना तिवरांची दाट हिरवी भिंत, चिखलात एका पायावर उभे असलेले बगळे, आणि दूरवर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट. हा पॅगोडा 2009 मध्ये खुला झाला. त्याच्या एवढ्या मोठ्या घुमटाखाली आधाराला एकही खांब नाही. गोराई, मनोरी, उत्तन ही गावे ज्या भूमीवर आहेत तिला जुन्या कागदांत धारावी बेट म्हणतात. माहीमशेजारची धारावी वेगळी आणि ही वेगळी. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, 1737 ते 1739 ह्या काळात, ह्या बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. मी हा इतिहास मुलांना सांगू लागलो, पण ऐकत होती फक्त आई.

भाच्याचे लक्ष पाण्याकडे होते. त्याने होडीच्या कडेवरून बोटे बुडवली, चाटून पाहिली आणि तोंड वाकडे केले.

‘‘आजी, एवढं पाणी, आणि समदं वायाच?’’

‘‘वाया नाही रे बाळा,’’ आई म्हणाली. ‘‘ह्याचीच वाफ होते, ह्याचेच ढग होतात. तेच पुढे तुमच्याकडे जातात.’’

‘‘आमच्याकडं येत न्हाईत,’’ तो म्हणाला. त्यावर आईकडे उत्तर नव्हते. तिने त्याचे ओले बोट आपल्या पदराला पुसले.

आत गेल्यावर आमचे चिरंजीव आणि थोरली क्षणात दिसेनाशी झाली. उंच घसरगुंड्या, रबरी नळ्या, वरून कोसळणारे पाणी, आणि सगळीकडे किंकाळ्या. लाटांच्या तलावाची रचना मला आवडली. तळ समुद्रकिनाऱ्यासारखा उतरता. एका टोकाला घोटाभर पाणी, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून. यंत्र पाण्याला ढकलते, लाट उठते आणि उथळ बाजूला येऊन विरते. काही वेळ लाटा, मग विश्रांती. खऱ्या समुद्रात ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू काढून माणसाला आत ओढते. इथे ती ओढ नसते, आणि कोणी गटांगळी खाल्लीच तर बटण दाबून समुद्र थांबवता येतो. खऱ्या समुद्राला तसे बटण नाही. म्हणूनच गोराईच्या किनाऱ्यावर आम्ही मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिले नाही.

भाचा मात्र तलावाच्या काठावर पाय आखडून बसून राहिला. हिने समजावले, थोरलीने ओढून पाहिले, पण तो जागचा हलेना. मला वाटले, घाबरला असेल. मी शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले,

‘‘मामा, ह्ये पाणी रातच्याला कुठं जातं?’’

पोराला भीती पाण्याची नव्हती. ज्याच्या गावात सरकारी टँकर माणशी दिवसाला 20 लिटर ह्या मापाने येतो, जिथे न्हाणीतले पाणी आईच्या डोळ्यांदेखत झाडाला जाते, त्या मुलाला एवढ्या पाण्यात नुसती मजा म्हणून उतरणे पाप वाटत होते. शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब मांडताना माणशी 135 लिटर धरतात. ते 135 आपण कुठे घालवतो, हे आपल्याला सांगता यायचे नाही. तो आपले 20 तांब्या-तांब्याने सांगू शकला असता. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले, तेव्हा आपण वर्तमानपत्रांतून केवढा वाद घातला होता! तोच वाद हा मुलगा एकटा, ओल्या फरशीवर बसून, स्वतःशी घालत होता.

त्याला खोटे सांगून भागणार नव्हते. अशा तलावांची जी रीत असते, ती मी त्याला समजावून दिली. हे पाणी रोज फेकून देत नाहीत. ते पंपाने ओढून वाळूच्या थरांतून गाळतात, त्यात जंतू मारण्यासाठी क्लोरिन घालतात आणि पुन्हा तलावात सोडतात. उन्हाने उडून जाते, अंगाबरोबर बाहेर सांडते, गाळण्या धुताना जाते, तेवढी भर रोज घालावी लागते. ती काही थोडी नसते. पण बाकीचे पाणी तेच.

त्याने विचार केला. ‘‘म्हंजे काल ज्यात लोकं खेळली, त्येच आज?’’

‘‘तेच. गाळून.’’

‘‘आमची आई तांदूळ धुतलेलं पाणी कोथिंबिरीला घालती. तसंच की!’’ असे म्हणून तो उठला, आणि पुढची लाट येण्याआधी पाण्यात होता. संध्याकाळी त्याला बाहेर काढायला दोघे लागले.

त्या दिवसापासून कोणी मला असे ठिकाण कसे निवडावे म्हणून विचारले, की मी घसरगुंडीची उंची सांगत नाही. पाणी कसे राखले आहे ते आधी पाहा, एवढेच सांगतो. सर्वांत खोल जागी तळाची फरशी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल, तर बुडणारा माणूसही दिसणार नाही. नाकाला झोंबणारा क्लोरिनचा वास म्हणजे स्वच्छता, अशी आपली समजूत असते. बहुधा उलटेच असते. क्लोरिन घामाशी आणि लघवीशी मिसळले, की तो उग्र वास सुटतो. म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वी आंघोळ करा, मुलांना करायला लावा. जीवरक्षकाकडे पाच मिनिटे नीट पाहा : त्याची नजर पाण्यावर आहे, की हातातल्या फोनवर? आणि तो कितीही दक्ष असला, तरी लहान मूल आपल्या हाताच्या अंतरावर हवे. हवेची नळी हे खेळणे आहे, आधार नव्हे. शेवटचे, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसायला सावली आहे का, ते विचारा. आमची आई दिवसभर सावलीत बसून साऱ्यांच्या चपला राखत होती, आणि घरी आल्यावर सहल सर्वांत रंगवून सांगितली ती तिनेच.

एक प्रश्न मात्र त्या मुलाने आमच्या घरात ठेवून दिला. गोराईच्या तलावाबद्दल त्याने विचारले, तेच माहीमच्या समुद्राबद्दल कोणी विचारले तर? आमच्या मोरीतले, स्वयंपाकघरातले, संडासातले पाणी रातच्याला कुठे जाते? करमणुकीचा तलाव चालवणाऱ्याला आपले पाणी गाळून पुन्हा वापरावे लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार नाही. समुद्राला तिकीट नाही, म्हणून त्याची चौकशी करणाराही कोणी नव्हता. आता थोडी आशा दिसते आहे. 19 जानेवारी 2023 रोजी मुंबईतल्या सात नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांत धारावी, वांद्रे आणि वरळी ही आमच्या अवतीभवतीची तिन्ही नावे आहेत. कामे मोठी आहेत, वर्षे लागतील. पण माहीमची पोरे टॉवेल खांद्यावर टाकून, एक पैसा न मोजता, आपल्याच समुद्रात उतरतील असा मे महिना यायचा असेल, तर तो ह्याच वाटेने येईल. लेडी जमशेटजींनाही ते आवडले असते.