सगळं ठीक आहे

आमच्या फोनचं स्क्रिप्ट ठरलेलं आहे.

'जेवली का?'
'हो. तू?'
'झालं. बाकी?'
'बाकी सगळं ठीक.'

मग रेंज जाते. चार मिनिटं होतात, कधी दोनच. तो कुठे आहे ते सांगायचं नसतं, म्हणून इथेही लिहिणार नाही. उंचावर आहे, थंडी आहे, फॅमिली नेता येत नाही, एवढं पुरे. आणि मी जालंधर कँटमध्ये, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, लॅपटॉपसमोर.

मी रिद्धपूरची. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका, संत्र्याचा पट्टा. इंजिनिअरिंग अमरावतीला केलं, २०१९ला पुण्यात नोकरी लागली, आणि पुढच्याच वर्षी लॉकडाउनने दाखवून दिलं की ती नोकरी एका बॅगेत मावते. २०२२मध्ये लग्न केलं ते फौजीशी. तो नायक आहे. घरी मोठ्यांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, फोनवर 'तू'. माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे, ही गोष्ट गावात त्याच्या पोस्टिंगपेक्षा जास्त चघळली गेली.

फौजेत नवरा फील्डला गेला की मागे राहिलेल्या कुटुंबाला 'सेपरेटेड फॅमिली' म्हणतात. थोडक्यात एसएफ. पहिल्यांदा हा शब्द फॉर्मवर वाचला तेव्हा घटस्फोटाचे कागद आहेत की काय असं वाटलं होतं. क्वार्टर मिळतं, कँटीन कार्ड चालू राहतं, शेजारपाजारही तसाच. नवरा तेवढा नसतो. वर्षाला ६० दिवस अ‍ॅन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल, तीही युनिटला सोयीची असेल तेव्हा. उरलेल्या दिवसांत आम्ही एकमेकांना 'सगळं ठीक' सांगत असतो.

यंदाचा मे महिना मात्र ठीक नव्हता. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्यानंतरच्या रात्री जालंधरमध्ये ब्लॅकआउट. सायरन वाजला की दिवे बंद, खिडक्यांवर चादरी. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण मंद करून मी एका बग फिक्सवर काम करत होते, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. १० तारखेला गोळीबार थांबला. आईचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, 'इथे काही नाही गं, टीव्हीवाले वाढवून दाखवतात.' जुलैत त्याचं युनिट वर गेलं आणि मी एसएफ झाले.

*

पंजाबात शरद ऋतू नाकाने कळतो. धानाची कापणी सुरू होते, कंबाईन हार्वेस्टर रात्रीही चालतात, आणि मग पराली जळल्याचा वास. संध्याकाळी सूर्य पिवळट, मळका होऊन मावळतो. सकाळी गेटजवळच्या पारिजाताखाली सडा पडलेला असतो. दुआब्यातली माणसं धान निघालं की लगेच बटाट्याच्या मागे लागतात. माझ्या डोक्यात मात्र याच दिवसांत वेगळं चित्र असतं. सोयाबीनच्या गंजीभोवती उडणारा भुसा, फुटायला लागलेली कपाशी, आंबिया बहाराच्या संत्र्यांचे सौदे करायला आलेले व्यापारी. आणि घराघरांत महिनाभर बसलेली भुलाबाई.

भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला येते आणि कोजागिरीला जाते. शेवटच्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करतात, गाणी म्हणतात, मग खिरापत. डबा हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. आंबट की गोड, कोरडं की ओलं. लहानपणी आमचं सगळं लक्ष डब्यावर असायचं. गाणी सासर-माहेराची आहेत, सासरी अडकलेल्या बाईची आहेत, हे इथे येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

यंदा ६ ऑक्टोबरला कोजागिरी होती. ज्वारीचे धांडे मिळाले नाहीत, मग रसवाल्याकडून उसाची पाच कांडी आणली. भुलाबाई घरीच मातीची केली, जरा वाकडीच झाली. ब्लॉकमधल्या सात-आठ पोरी जमल्या: हिमाचलची, बिहारची, एक केरळची. गाणी मी एकटीने म्हटली, त्यांना शब्द येत नव्हते. पण डबा हलवल्यावर 'मीठा! नमकीन! ड्राय फ्रूट!' असा जो गोंधळ झाला, तो अगदी आमच्या गल्लीतला. डब्यात भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर होती. कुणालाच ओळखता आली नाही.

त्या रात्री त्याचा फोन आला. 'बाकी?' म्हणाला. मी म्हटलं, 'बाकी सगळं ठीक.' वाकडी भुलाबाई, ऊस, डाळ, काहीच सांगितलं नाही. चार मिनिटांत तो कशाला ऐकत बसेल, असं वाटलं.

चार दिवसांनी, १० तारखेला, करवा चौथ. आमच्याकडे हा उपास नाही आणि मी धरलाही नाही, पण गच्चीवर गेले. सगळ्या नटलेल्या. ज्यांचे नवरे स्टेशनवर आहेत ते बाजूला अवघडून उभे. ज्यांचे नाहीत त्या चाळणीतून आधी चंद्र बघत होत्या, मग व्हिडिओ कॉल. शेजारच्या हिमाचली भाभींचा कॉल लागेना. तीनदा, चारदा. शेवटी त्यांनी फोनमधला नवऱ्याचा फोटो चाळणीतून पाहिला आणि पाणी प्यायल्या. पाऊण तासाने तिकडून फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. 'हाँ जी, सब ठीक है. बढ़िया हो गया.' फोन ठेवला आणि जिन्यातच बसल्या.

तेव्हा मला वाटलं, भाभी किती खंबीर आहेत. मी स्वतःला पण तशीच समजत होते.

*

मग बाबांचं प्रकरण कळलं, तेही चुलतभावाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून. सप्टेंबरच्या पावसात आमचं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. उभ्या शेंगांना कोंब फुटलेले. वावराचा फोटो मी बांधावरच्या चिंचेवरून ओळखला. तीन आठवडे रोज फोनवर बोलत होतो आणि बाबा रोज म्हणत होते, 'बरं हाय सारं.'

मी फोन करून चिडले.

'तुले कायले सांगाव?' बाबा म्हणाले. 'तू तिकडं एकटी. तूही जीवाले घोर लावून घेतं.'

आईने मागून फोन घेतला. 'ते जाऊ दे व. तू कधी येतं? तिथं एकटी कायले रायतं? इथं खोली हाय, नेट हाय. आता तं विद्यापीठही झालं गावात.' मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला झाल्यापासून आई कोणत्याही वादात ते पुढे करते.

मला राग होता तो नुकसानाचा नव्हता. माझ्याच घरात काय चाललंय ते मला पाहुण्यासारखं, सगळं उरकल्यावर कळावं, याचा होता. फोन ठेवला आणि ऑगस्टमधली त्याची सुट्टी आठवली. वीस दिवस आला होता. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभा राहून विचारलं होतं, 'चहापत्ती कुठं ठेवतं तू आता?' मी जागा बदलली होती. गॅसवाला बदलला होता, बँकेचा पासवर्ड बदलला होता. तो हसला, पण त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायला लागला. मी त्याच्याशी तेच केलं होतं जे बाबांनी माझ्याशी केलं.

आणि एक गोष्ट तर मी त्याला सांगितलीच नव्हती. कंपनीचा मेल आला होता: १ जानेवारीपासून आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात. उत्तर दिवाळीपर्यंत हवं. पुण्याला गेले तर क्वार्टर सोडावं लागेल, आणि तो सुट्टीवर येईल तेव्हा आमचं असं घर कुठे असेल ते ठाऊक नाही. न गेले तर नोकरी. हे सगळं 'बाकी सगळं ठीक' या तीन शब्दांत मावत होतं.

*

दिवाळीच्या आधी चिवड्यासाठी पातळ पोहे शोधत सदर बाजारात फिरत होते. एका दुकानात आईशी फोनवर बोलताना गल्ल्यामागे बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर केली. फोन ठेवल्यावर विचारलं, 'महाराष्ट्र से हो? कहाँ से?'

'अमरावती के पास.'

'रिद्धपूर के पास?'

मी म्हटलं, रिद्धपूरचीच. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, 'दंडवत प्रणाम.'

आमचं घर महानुभाव पंथातलं नाही. पण रिद्धपुरात वाढलेल्याला दंडवत म्हणायला शिकवावं लागत नाही. पंजाबातून येणारे यात्रेकरूही मी लहानपणापासून पाहिलेत. चक्रधरस्वामींनी अनुयायांना महाराष्ट्रातच राहा म्हणून सांगितलं होतं, तरी पंथ पंजाबात, पेशावरला, थेट काबूलपर्यंत पोचला. इकडे त्याला जयकृष्णी म्हणतात. या बाईंचं घर फाळणीत पेशावरकडून आलेलं. मराठी बोलता येत नव्हतं, पण पोथी मराठीत वाचायच्या. रिद्धपूरला दोनदा जाऊन आल्या होत्या. मला वाटलं, गोविंदप्रभूंबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, राजमठाबाहेर एक जण चहा करायचा, आलं फार घालायचा, तो आहे का अजून? दुपारी फरशी एवढी तापायची की पाय नाचायचे, आता चटई टाकतात का? वीस वर्षांपूर्वीचं सगळं असं बारीकसारीक. पोहे त्यांच्याकडे नव्हते. शेजारच्या दुकानातून मागवून दिले.

परत येताना शाळेत पाठ केलेलं एकदम वेगळं दिसायला लागलं. चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले, मागे राहिलेली माणसं रिद्धपुरात गोविंदप्रभूंजवळ जमली. नागदेवाचार्य आठवणी सांगायचे, म्हाइंभटांनी त्या लिहून घ्यायला सुरुवात केली. जिथे शंका आली तिथे ज्याने पाहिलं त्याच्याकडे जाऊन विचारलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र झालं ते असं. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण पानोपानी काय आहे? कुठे जेवले, कुणाच्या ओसरीवर बसले, कोण रुसलं, कुणाला काय म्हणाले. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली, तेव्हा लोकांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्यातला एक पाठ हिराइसा नावाच्या बाईचा आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर गेला आणि बॅकअप माणसांच्या डोक्यात होता.

पण डोक्यात असायला आधी कुणी तरी सांगावं लागतं. 'स्वामी ठीक होते' एवढंच नागदेवाचार्य म्हणाले असते तर म्हाइंभटांनी काय लिहिलं असतं?

*

स्टेशनवर लक्ष्मीपूजन २० तारखेला झालं, आईच्या कॅलेंडरवर २१ला. मी दोन्ही दिवस दिवे लावले. २१च्या रात्री फोन आला. मी नोट्समध्ये यादी करून ठेवली होती.

'जेवली का?'
'हो.'
'बाकी?'
'बाकी ठीक नाही. ऐक.'

पलीकडे शांतता. मी भराभर वाचत गेले. गीझर दहा दिवस बंद आहे. भुलाबाई वाकडी झाली. बाबांचं सोयाबीन गेलं. भाभींचा कॉल लागला नाही. चहापत्ती आता वरच्या फळीवर, डाव्या हाताला. कंपनीचा मेल. आणि मे महिन्यापासून कुकरची शिटी झाली तरी माझ्या छातीत धस्स होतं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली.

'गीझरचं थर्मोस्टॅट असन,' तो म्हणाला. मग जरा थांबून, 'माझ्या पायाची दोन बोटं बधिर झाली होती. पंधरा दिवस. आता बरी हायेत.'

'मग सांगितलं का नाहीस?'

'तुले कायले सांगाव...' म्हणाला, आणि बाबांचं वाक्य मी आधीच ऐकलंय हे त्याला माहीत नव्हतं. मी चिडले. तोही चिडला. आम्ही चक्क भांडलो, लग्नानंतर पहिल्यांदा फोनवर. अकरा मिनिटं. पुण्याचं काय करायचं यावर तो काही तरी म्हणत होता तेव्हा रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला मेल लिहिला. 'वैयक्तिक कारणांमुळे' असं लिहून खोडलं. मग नवरा कुठल्या प्रकारच्या पोस्टिंगवर आहे, एसएफ क्वार्टर म्हणजे काय, ते सोडलं तर काय होतं, सगळं सविस्तर लिहिलं आणि मार्चपर्यंत मुदत मागितली. उत्तर अजून आलेलं नाही. आलं आणि नाही म्हणाले, तर दुसरी नोकरी शोधायला सुरुवात केली आहे, तेही त्याला सांगितलंय.

गीझरचं थर्मोस्टॅटच होतं.