घरात माणसं फार

आमची दिघोरी लाखांदूर तालुक्यातली. धानाच्या बांध्या, बोडीचं पाणी, कवेलूची घरं आणि घरोघरी माणसं फार. त्यामुळे टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा तो कोणाकोणाला पुरेल, हाच पहिला प्रश्न.

२५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर पंचायत बसली. काकाजींना रंगीत हवा होता. १९८२ च्या एशियाडपासून देशात रंगीत टीव्हीचं वारं होतंच. बाबा म्हणाले, “लाइन गेली त का करशील गा?” घरात माणसं फार, म्हणून पडदा मोठा हवा; पण लाइनीचा भरवसा नाही, म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हवा. तसा मिळे तो चौदा इंची कृष्णधवल. आजीचं म्हणणं तिसरंच, “देवाच्या कोनाड्याला दार हाये, मंग याला काऊन नोको?”

शेवटी सगळ्यांचं थोडं थोडं राहिलं. साकोलीहून चौदा इंची टीव्ही मांडीवर घेऊन काकाजी एसटीनं आले. सुतारानं सागवानी पेटी केली, तिला दोन दारं, आणि पोरं ओढतील म्हणून तळाला चार चाकं. रंगाची हौस काकाजींनी पडद्यावर निळी काच लावून भागवली. अँटेना बांबूवर चढला, तोंड मावळतीकडे, नागपूरच्या दिशेनं. वर एक जण, खिडकीत एक जण, मधल्या अंगणात निरोप पोचवणारा एक जण. “आला का गा?” “मुंग्याच हायेत!” घरात माणसं फार, म्हणून या कामाला माणूस कमी पडला नाही.

त्या टीव्हीचं काय काय सांभाळलं! बटण तुटलं, तर पक्कड. चित्र वर सरकायला लागलं, तर मागची कळ हळूच फिरवायची. चपटी वायर तुटली, तर दातांनी सोलून जोडायची. विजा चमकल्या, की आधी अँटेनाची वायर काढायची. लाइन गेली, तर ट्रॅक्टरची बॅटरी. आणि सोमवारी सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर धक्का मारायला पुन्हा आम्हीच.

पण खरी कामी आली ती चाकं. ३१ जुलै १९८८, रविवार. रामायणाचा शेवटचा भाग, आणि दिवस ऐन रोवणीचे. रोवणीच्या बाया म्हणाल्या, पाहून मंग बांधीत उतरू. खोलीत एवढ्या कुठल्या मावणार? पेटी ढकलत छपरीत आणली. कोणी पोत्यावर, कोणी उंबऱ्यावर, कोणी खांबाला टेकून. डोक्यावरचे पावसाचे मोरे काढून भिंतीला लावलेले, बाहेर पाऊस. आई सैपाकघराच्या दारात भुईवर बसून, भाजी निवडत, अगदी कडेनं पाहत होती. तिथूनही सीता स्पष्ट दिसत होती. त्या काचेच्या नळीचं हे देणं होतं. आतला लेप स्वतःच उजळायचा, त्यामुळे समोरच्याला आणि कोपऱ्यातल्याला चित्र सारखंच.

ती नळी कधीच गेली. सागवानी पेटीत आता धानाच्या बियाण्याच्या पुड्या असतात.

मागच्या दिवाळीत, मंडईच्या जत्रेला सगळे गावी येणार म्हणून, नवा टीव्ही घ्यायला गेलो. दुकानातला मुलगा इंच सांगत होता, रंग सांगत होता, पडद्यापासून किती फुटांवर बसायचं ते सांगत होता. समोरून सगळेच टीव्ही सुंदर दिसत होते. आई मात्र एकेका टीव्हीच्या बाजूला गेली, पदर सावरला आणि दुकानाच्या फरशीवर खाली बसली. कडेनं, खालून, एकेक पडदा पाहिला. काहींचे रंग तिथून फिके पडत होते, चेहरे राखेसारखे दिसत होते. चौथ्यापाशी ती थांबली.

“हा घ्या,” ती म्हणाली. “आन् भिंतीवर फिरनारा लावा. छपरीकडे वळला पायजे.”