विकत घेणाऱ्याचा गुन्हा

म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या बाईला चीनमध्ये बायको म्हणून कोण विकतं, यावर बरंच बोललं जातं; तिला विकत घेणाऱ्यावर फार थोडं. माझ्या मते हा धंदा त्यामुळेच टिकला आहे. जून २०११ मध्ये तिथली युद्धबंदी मोडली आणि लाखाच्या आसपास माणसं विस्थापित झाली. छावणीतल्या तुटपुंज्या शिध्यावर घर चालेना, तेव्हा ‘चीनमधल्या युन्नानमध्ये काम मिळवून देते’ म्हणणारी मैत्रीण किंवा नात्यातली बाई देवासारखी वाटली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०१९ मध्ये सुटून आलेल्या ३७ जणींच्या हकिकती मांडल्या. तीन ते तेरा हजार डॉलरना विक्री, कुलूपबंद खोली, मूल होईपर्यंत बलात्कार. दाराला कुलूप लावणारा दलाल नव्हता. ते घेणाऱ्याचं घर होतं.

चीनच्या फौजदारी कायद्यात विकणाऱ्याला पाच वर्षांपासून थेट मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, घेणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. त्याच कायद्यात संरक्षित दुर्मीळ प्राणी विकत घेणाऱ्याला याहून कडक शिक्षा होऊ शकते, हे वाचून मी सुन्न झाले. बलात्कार आणि डांबून ठेवणं यांचे गुन्हे वेगळे लागतातच, असं कायद्याचे जाणकार सांगतात. कागदावर ते खरं आहे. पण ज्या गावात शेजारीपाजारी तिला सून मानतात आणि पोलिसांकडे गेलेल्या कित्येकींना बेकायदा प्रवेशाबद्दल कोठडीत टाकलं जातं, तिथे ती तक्रार कुणाकडे करणार?

अनेक वर्षांच्या एक-मूल धोरणामुळे आणि मुलग्याच्या हव्यासामुळे मुली घटल्या, गरीब शेतकऱ्यांची लग्नं होईनात, तेही परिस्थितीचे बळी आहेत, असंही म्हटलं जातं. त्यांचं एकटेपण मला खोटं वाटत नाही. पण त्याची भरपाई दुसऱ्या देशातल्या मुलीच्या शरीराने करून घेण्याचा हक्क कुणी दिला? घेणाऱ्याला कडक शिक्षा झाली तर तो बाईला आणखी लपवेल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तिला आपणहून सोडणाऱ्याला थोडी सवलत मिळावी, हे मी मान्य करते. कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतरही ती आहेच. मात्र आज कित्येकींना सुटकेसाठी पोटचं मूल मागे ठेवावं लागतं. मुलाचा ताबा त्याच माणसाकडे राहणार असेल, तर ज्यासाठी त्याने पैसे मोजले ते त्याला मिळालेलंच असतं.