बुडबुडे कुणासाठी?

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की मला फोटो यायला लागतात. वाइन शॉपच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन बाटल्या आणि खाली एकच ओळ, 'अगं, यातली कुठली घेऊ?' मी नाशिकची. चार वर्षं एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये पर्यटकांना वाइन ओतून दिली, त्यामुळे मित्रमैत्रिणींच्या लेखी मी कायमची तज्ज्ञ. उत्तर देण्याआधी मी उलट तीन प्रश्न विचारते. कुणाकडे चाललायस? खायला काय आहे? आणि त्या घरात कोण पीत नाही?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गोंधळतात. तो कुठून आला ते पुढे सांगते. आधी लेबल वाचूया, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

स्पार्कलिंग वाइनच्या लेबलवरचा 'ब्रूट' हा शब्द साखरेबद्दल आहे. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, म्हणजे जवळपास कोरडी चव. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून ती आणखी कोरडी असेल असं वाटतं, पण तिच्यात साखर जास्त असते, १२ ते १७ ग्रॅम. 'डेमी-सेक'मध्ये ३२ ते ५० ग्रॅम, म्हणजे ती चक्क गोड. तुलनेसाठी सांगते, आपल्या नेहमीच्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते. कोल्ड्रिंकची सवय असलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच ब्रूट दिली की तो तोंड वाकडं करतो आणि 'आंबट आहे' म्हणतो. त्याचं काही चुकत नाही. त्याला दुसरी बाटली द्यायला हवी होती, एवढंच.

दुसरा फरक बुडबुडे कसे आले याचा. पारंपरिक पद्धतीत तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तो वाइनमध्येच विरघळतो. यीस्टचा गाळ महिनोन्महिने त्याच बाटलीत राहतो आणि त्यातून भाजलेल्या पावासारखा वास येतो. मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ तोंडाशी आणतात, तो काढून टाकतात आणि नवं बूच लावतात. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली शॅम्पेन अशीच बनते, विक्रीला येण्याआधी किमान १५ महिने घेते. स्पेनची कावाही अशीच, तिला किमान ९ महिने लागतात. इटलीची प्रोसेको बहुतेक वेळा मोठ्या स्टीलच्या टाकीत फसफसते, त्यामुळे ती ताज्या फळांसारखी लागते आणि स्वस्तही पडते. भेट म्हणून यातलं काहीच कमी दर्जाचं नाही. पावाचा वास आवडणाऱ्याला कावा द्यावी, हलकं-फुलकं आवडणाऱ्याला प्रोसेको.

आणि आपल्याकडची? १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला स्पार्कलिंग वाइन बनवायला घेतली, तेव्हा ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात विकली जायची. आज नाशिकमध्ये सुला आहे, ग्रोव्हर झाम्पा आहे, २०१३पासून दिंडोरीची शाँदों आहे; अकलूजकडे फ्रातेली आहे. आमच्याकडे द्राक्षं थंडीत तयार होतात. स्पार्कलिंगसाठी ती जरा लवकरच तोडतात, म्हणजे आंबटपणा टिकतो आणि साखर फार चढत नाही. आयातशुल्क नसल्याने ही बाटली बाहेरच्या बाटलीपेक्षा बरीच कमी किमतीत मिळते. नवीन नोकरीला लागलेल्यांना मी बिनधास्त हीच सांगते.

आता खायला काय, हा प्रश्न. ३१ डिसेंबरला गच्चीवर कोथिंबीर वडी, बोंबील फ्राय, चिवडा, फरसाण असेल तर ब्रूट घ्या. तळणीचा तेलकटपणा आंबटपणा आणि बुडबुडे मिळून धुऊन काढतात; दुसरी वडी पहिलीसारखीच लागते. केक कापायचा असेल तर ब्रूट नको. गोडाबरोबर ती नुसती आंबट लागते. पेय निदान खाण्याइतकं तरी गोड असावं, म्हणून केकला डेमी-सेक.

वसईच्या मैत्रिणीकडे नाताळला जाते तेव्हा कसोटी लागते. टेबलावर फुगे, इंदयाल, सोरपोटेल. व्हिनेगर आणि तिखट दोन्ही. तिखटावर बुडबुडे आणखी झोंबतात, त्यामुळे एकदम कोरडी बाटली तिथे त्रास देते. मी एक्स्ट्रा ड्राय किंवा थोडी गोडसर रोझे नेते. तिच्या आजी पहिला घोट घेऊन दरवर्षी म्हणतात, "बाय, आमची घरची यापेक्षा कडक असते." मला हे कौतुकच वाटतं.

दुकानातून निघताना दोन गोष्टी. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो, १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार. दुकानात एक दिवसाचाही मिळतो, तो घ्या. आणि भेट द्यायला सुरत, वर्धा किंवा गडचिरोलीला निघाला असाल तर बाटली नेऊच नका, तिथे दारूबंदी आहे. चिक्कीचा डबा न्या.

घरी पोचल्यावर बाटली तीन तास फ्रिजमध्ये. वेळ नसेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फाने उशीर लागतो. आत गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो, म्हणून तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे आणि ट्यूबलाइटकडे नको. बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. मोठा आवाज म्हणजे निम्मा फेस फरशीवर. ७५० मिलिलिटरमध्ये सहा ग्लास होतात, माणसं मोजून बाटल्या घ्या.

आता तिसरा प्रश्न.

आमच्या घरात वाइन, बिअर, व्हिस्की असे शब्द नव्हते. एकच शब्द होता, दारू. माझा मामा दारूने गेला, ४६व्या वर्षी, यकृत निकामी होऊन. मी वायनरीत नोकरी धरली तेव्हा आई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जानेवारी २०२२मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि टीव्हीवर वाइन म्हणजे दारू का, यावर रोज भांडणं सुरू झाली. मी द्राक्षबागायतदारांची बाजू सांगायला गेले. शेंगा सोलता सोलता आई म्हणाली, "बुडबुडे आले म्हणून दारूचं सरबत होत नाही."

हिशोबाने तिचंच बरोबर आहे. स्पार्कलिंगमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. तिचा एक ग्लास आणि व्हिस्कीचा एक छोटा पेग यांत फार अंतर नाही. टेस्टिंग रूममध्ये मी वास, चव, द्राक्षाची जात सगळं सांगायचे. हे वाक्य मात्र तिथे कुणी मला शिकवलं नव्हतं.

मामाचा मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यालाही ती सवय लागली आणि दोन वर्षांपूर्वी त्याने ती सोडली. सोडल्यानंतरच्या पहिल्या ३१ डिसेंबरला तो आलाच नाही. मागच्या वर्षी मी आधीच फोन केला. गच्चीवर बाटली असेल, नको असेल तर नसेल, तू सांग, म्हटलं.

तो जरा थांबला. "असू दे गं. फक्त मला प्लास्टिकच्या कपात काही देऊ नकोस. कप बघितला की प्रत्येक जण विचारतो, तू का नाही घेत? दहा वेळा तेच सांगायचं. बाकीच्यांसारखाच ग्लास दे, आत काय ते मी बघतो."

मी कोकमाचं आगळ, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि थंडगार सोडा असं करून ठेवलं. उंच ग्लासात ते हुबेहूब रोझेसारखं दिसतं. त्या रात्री त्याला कुणी काही विचारलं नाही. तो साडेबारापर्यंत थांबला आणि शेवटी माझ्याबरोबर ग्लास विसळायलाही होता. अर्थात हे त्याला चाललं. दुसऱ्या कुणाला वाइनसारखं दिसणारं पेयसुद्धा नको असेल, किंवा बाटली असलेल्या घरात यायचंच नसेल. अंदाज बांधू नये, आधी विचारावं. फोनला दोन मिनिटं लागतात.

म्हणून तुमचा फोटो आला की मी तिन्ही प्रश्न विचारणार. पहिल्या दोघांची उत्तरं दिलीत तर बाटली सांगेन. तिसऱ्याचं उत्तर 'माहीत नाही' असेल, तर आधी त्या घरी फोन लावा. आणि काहीही ठरलं तरी पिशवीत आगळाची एक बाटली असू द्या. ग्लास मात्र सगळे एकसारखे.