आपल्या मागचा धूर

१९९८ सालची गोष्ट. रविवारी मिस्साला निघताना आमची जुनी दोन-स्ट्रोक स्कूटर आधी एका बाजूस कलंडवावी लागे. मग चार-पाच किका बसल्या की ती निळा धूर सोडीत सुरू होई. धाकटा पुढे उभा, सौभाग्यवती मागे, अशी आमची स्वारी चिंचवडहून पिंपरीकडे निघे. धूर मागे राही, म्हणून तो आम्हांस कधी दिसला नाही. एके दिवशी ख्रिस्तमंदिराच्या फाटकाशी एक वृद्ध मावशी खोकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तुझ्या गाडीमागूनच चालत आले रे." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते शब्द मनाला लागले.

वास्तविक आमच्या खिशात पी.यू.सी.चे प्रमाणपत्र होते. धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांहून अधिक नको, असा तेव्हा नियम होता. परंतु आम्ही गाडी न तपासताच, चार पैसे जास्त देऊन तो कागद मिळविला होता. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी आज्ञा लहानपणीच पाठ केलेल्या आम्ही तो कागद मात्र निर्धास्तपणे बाळगत होतो!

पुढच्या पापनिवेदनात आम्ही हे सांगितले. फादर हसले नाहीत. "खरी तपासणी करून घ्या," एवढेच त्यांनी प्रायश्चित्त दिले.

धर्मग्रामातील एका जाणत्या मेस्त्रींनी मग आमचे डोळे उघडले. दोन-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत शिरते, त्या वेळी धूर जाण्याची वाटही उघडीच असते. म्हणून बरेचसे पेट्रोल न जळताच निसटते. त्यात मिसळलेले ऑइल अर्धवट जळते, तोच निळा धूर. लिटरमागे वीस मिलिलिटर ऑइल पुरे असता, इंजिन टिकावे म्हणून आम्ही दुप्पट ओतीत होतो. आमच्या इंजिनाची काळजी मावशींच्या छातीत जात होती! कार्ब्युरेटर साफ झाला, ऑइल मोजून पडू लागले आणि गाडी खरोखरच पास झाली.

पुढे यंत्रेही सुधारली. नव्या दुचाकीला १९९६ साली किलोमीटरमागे ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. २००० साली ती २ ग्रॅमवर आणि २०१० साली १ ग्रॅमवर आली. चार-स्ट्रोक इंजिने रुळली. धुराच्या नळीत मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसली; तिच्यावरील प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर विषारी वायूंचे रूपांतर घडवितो. शिशामुळे तो थर निकामी होतो, म्हणून २००० सालापर्यंत देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २०२० च्या भारत स्टेज सहा नियमांनंतर तर धुरातील प्राणवायू मोजून इंजिन स्वतःच पेट्रोल कमीजास्त करते. यंत्र आत्मपरीक्षण शिकले म्हणायचे! त्याच वर्षी आपल्या चाकणच्या कारखान्यातून 'चेतक' विजेवर धावत परतली. तिला धुराची नळीच नाही. मात्र वीज कोळशावर होते तोवर धूर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात उरतोच.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. ते वाचताना आम्हांस त्या मावशी आठवल्या. आज त्या हयात नाहीत. परंतु गाडी सुरू केली की आम्ही अजूनही एकदा मागे वळून पाहतो.